पंजाबी लग्नात आम्हाला गाण्यातून शिव्या पडल्या. 'सिठणी' म्हणजे नक्की काय?

वाईची_काकू

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवरच सापडते, आज अडचण जरा वेगळी आहे.

गेल्या महिन्यात आमच्या मुलाचं लग्न झालं. सून पंजाबी, गाव लुधियाना जिल्ह्यात, जगरावजवळ. वाईहून आम्ही २२ माणसं गेलो होतो. माणसं फार चांगली, कुठे म्हणून काही कमी पडू दिलं नाही. सकाळी गुरुद्वाऱ्यात आनंद कारज झालं, ग्रंथसाहेबांभोवती चार फेरे आणि लग्न लागलंसुद्धा. (यजमानांनी मंगलाष्टकांची चिठ्ठी खिशात नेली होती, ती खिशातच राहिली.)

मग जेवणं. आम्हाला ओळीने बसवलं, आणि दहाबारा बायका, बहुतेक साठीच्या पुढच्या, मागे येऊन उभ्या राहिल्या आणि गायला लागल्या. ढोलकी नाही, टाळ्या नाहीत. नुसता लांब हेल काढलेला सूर. मी आपली कौतुकाने मान डोलावतेय. शेजारी सुनेची मावसबहीण बसली होती, ती हसून हसून लाल. म्हटलं, अगं मलाही सांग की. आधी नको नको म्हणाली, मग सांगितलं.

पहिलं यजमानांवर: व्याही आला, ना दाढी ना मिशी, बाप्या आणलात की बाई? दुसरं वऱ्हाडावर: एवढीशी जंज (म्हणजे वरात), एका ट्रॉलीत मावली, बाकीचे काय गहाण ठेवून आलात? तिसरं माझ्यावर: विहिणीची नथ रहाटाएवढी, नाक आधी पोचलं, विहीण मागून आली. मला हसू आलं, खोटं कशाला सांगू. पण चौथं होतं वन्संवर. मुलाची आत्या सात जिलब्या खाऊन आठवीकडे बघतेय! आता वन्संनी खरोखरच दुसऱ्यांदा जिलबी घेतली होती. त्यांनी ताट सरकवलं ते सरकवलंच. दिल्लीपर्यंत गाडीत एक शब्द नाही. अजूनही फोन केला की "तुमच्या व्याह्यांकडे बोलावून अपमान करतात का गं?" असंच सुरू होतं.

सुनेला विचारलं तर म्हणाली, "मम्मीजी, ओ तां सिठणियां सी." पुढे तिचं हिंदी मला पुरेना आणि माझं तिला.

तर प्रश्न: ही रीत आहे की खरेच टोमणे होते? वन्संना काय सांगू? आणि मुख्य म्हणजे पुढच्या महिन्यात ती मंडळी वाईला येतायत, घरी गोंधळ घातलाय. तेव्हा गप्प बसायचं की काही उत्तर द्यायचं?

जाता जाता अजून एक. लग्नाआधी व्याह्यांचा फोन आला, "पाजी भेजी है". मला वाटलं त्यांच्याकडचा कोणी पाजी येतोय. पाहुण्यांची खोली झाडून ठेवली, चादर बदलली. आला लाडू-बर्फीचा डबा, कुरिअरने. हे काय प्रकरण?

घाटावरचा_नाना

शिव्या चालीत म्हटल्या म्हणून ओव्या होत नाहीत. आमच्याकडे असं झालं असतं तर वरात तिथूनच मागे फिरली असती. तुमच्या वन्संचं बरोबर आहे.

सतलजकाठची

नाना, तुमच्याकडची वरात मागे फिरत नाही, ती मांडवाच्या दारात रुसून बसते आणि सोन्याची अंगठी मिळाली की उठते. असो.

काकू, मी मिरजेची. १९९३ साली लग्न होऊन लुधियान्यात आले, ती इथलीच झाले. तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याच लग्नात आहे, म्हणून आधी ते सांगते.

लग्न मिरजेला झालं. हे लोक ४० जण आले होते, फेटे बांधून. माझ्या आईने, मावश्यांनी जिवाचं रान केलं. तिखट कमी घातलं, पंगतीत तूप सढळ, प्रत्येकाला "अहो-जाहो", कोणी आवाज चढवून बोललं नाही. सगळं कसं अगदी बेताचं आणि सोज्वळ. इथे आल्यावर तिसऱ्या दिवशी सासूबाई, म्हणजे बीजी, माझ्याजवळ येऊन बसल्या. लसूण सोलत होत्या. जरा घुटमळून म्हणाल्या, "सानूं किसे ने इक सिठणी वी नहीं दित्ती." आम्हाला कोणी एक सिठणीसुद्धा दिली नाही. आमच्या माणसांचा काही राग होता का?

त्या बाईला तीन दिवस ते खात होतं. ४० माणसं जेवून उठली आणि मुलीकडच्या एका बाईनेही त्यांना नाव घेऊन शिवी दिली नाही! म्हणजे यांनी आपल्याला सोयरे मानलंच नाही, नुसते गिऱ्हाईक जेवून गेल्यासारखे गेलो, असं वाटलं त्यांना. मला तेव्हा पंजाबी येत नव्हतं. दीर हिंदीत सांगत होता आणि मला वाटलं तो चेष्टा करतोय.

तर रीत ही अशी. सिठणी मुलीकडच्या बायका देतात, जंजेला. जंज म्हणजे वरात. व्याही तो कुडम, विहीण ती कुडमणी. या दोघांची नावं गाण्यात घालायचीच. मग नवऱ्याचा मामा, आत्या, भाऊ. काळा आहे, जाडा आहे, खादाड आहे, चिक्कू आहे, बायकोला घाबरतो. काही सिठण्या तर अशा की इथे लिहिल्या तर धागा उडेल. पूर्वी जंजेत बायका नसतच, फक्त बाप्ये यायचे, त्यामुळे कुडमणीची अब्रू तिच्या माघारी निघायची आणि कुडमाला ती मान खाली घालून ऐकावी लागायची. एरवी घुंघट ओढून वावरणाऱ्या, मोठ्यांपुढे शब्द न काढणाऱ्या बायका त्या एका दिवशी परगावच्या ५० पुरुषांना तोंडावर वाटेल ते बोलणार, आणि पुरुष हसणार. मुलगी देणाऱ्याने वर्षभर हात जोडायचे असतात हो इथे. वाकणं सगळं त्याच बाजूला. त्याचा वचपा या बायका एका पंगतीत काढून घ्यायच्या.

ऐका, याहून गमतीची रीत पूर्वी होती. जंज जेवायला बसली की बायका गाण्यातून जंज 'बांधायच्या'. लाडू बांधले, जलेबी बांधली, ताट बांधलं, कुडमाचा हात बांधला. एकदा बांधलं की घास तोंडात घालायचा नाही. मग जंजेतला एखादा जाणता माणूस उभा राहून कवितेतून एकेक पदार्थ नाव घेऊन सोडवायचा. त्या रचनेला 'पत्तल' म्हणतात. पत्रावळ या अर्थाचाच शब्द. ज्या जंजेत पत्तल म्हणणारा नसेल तिची फजिती. म्हणून काही लोक असा माणूस मुद्दाम सोबत घेऊन निघायचे, जसे आपण भटजी नेतो. माझ्या नवऱ्याच्या आजोबांना अर्धी पत्तल पाठ होती. अर्धीच, म्हणजे लाडवापर्यंत. जलेबी बांधलेलीच राहायची, असं ते सांगायचे.

वन्संच्या आठव्या जिलबीचं मूळ बहुधा तिथेच आहे बघा.

आता वन्संना काय सांगायचं. एक, मुलाची आत्या म्हणजे भुआ. पंजाबी लग्नात भुआ हे मोठं प्रस्थ. ती मान घेणार, ती रुसणार, तिला आधी विचारायचं. म्हणजे आपल्या आत्यासारखंच. तिच्यावर सिठणी झाली याचा अर्थ समोरच्यांनी नीट चौकशी केली की यांच्यात आत्या कोण. जिला कोणी विचारत नाही तिच्यावर कडवं बांधत नाहीत. दोन, तुमच्या नथीवरचं आणि जिलबीवरचं कडवं त्याच दिवशी रचलेलं आहे. दाढीमिशीचं आणि छोट्या जंजेचं जुनं असतं, ते सगळ्यांनाच ऐकवतात. पण ब्राह्मणी नथ जगरावच्या बायांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली असणार. कोणीतरी तिकडे उभं राहून तुमच्याकडे टक लावून बघितलं, रहाट आठवला, चालीत बसवलं आणि शेजारणीच्या कानात सांगितलं. हे आता दुर्मीळ आहे काकू. हल्ली लग्नं पॅलेसमध्ये, डीजेचा आवाज छातीत धडधडतो, सिठणीला जागाच नाही. साठीच्या बायका होत्या म्हणालात ना? तिशीच्या मुलींना येतच नाही. त्यांना गिद्धा म्हणजे बायकांचा नाच येतो, त्यातल्या बोली म्हणजे छोटी गाणी येतात, कारण तो कॉलेजच्या स्पर्धांमध्ये असतो. सिठणीची स्पर्धा कशी घेणार?

तसं मोडायचे प्रयत्न जुनेच आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सिंग सभावाले, म्हणजे शीख सुधारक, आणि आर्यसमाजी, दोघंही या गाण्यांच्या मागे हात धुऊन लागले होते. बायका असलं अचकटविचकट गातात, जगात काय तोंड दाखवायचं, वगैरे. १९०९ साली आनंद विवाह कायदा आला, लग्नविधीला शिस्त आली. बायका गातच राहिल्या. नाना, तुमच्या मताचे लोक तेव्हाही होते, एवढंच सांगायचंय.

आणि तुम्ही लिहिलंत तो 'लांब हेल', त्याला इथे 'हेक' म्हणतात. दोघी-दोघींनी गळा लावून, वाद्याशिवाय, एक सूर ओढत न्यायचा. आदल्या रात्री याच बायकांनी याच गळ्याने सुहाग गायले असतील. सुहाग म्हणजे मुलीकडची गाणी. बाबल, आम्ही चिमण्यांचा थवा, उडून जाणार, या जातीची. नवऱ्याकडे गातात त्या घोडियां. सुहाग म्हणताना रडून घ्यायचं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच घशाने व्याह्याची दाढी काढायची.

जुना_फौजी

पाजीचं मी सांगतो. ८०च्या दशकात फिरोजपूरला तीन वर्षं होतो. गुरुमुखी, म्हणजे पंजाबीची लिपी, आमच्या लंगरी (स्वयंपाकी) शिखाने शिकवली, पिठावर बोटाने अक्षरं काढून. ३५ अक्षरं, म्हणून तिला 'पैंती' म्हणतात. लिपी महिन्यात आली, उच्चार तीन वर्षांत आला नाही.

कारण असं की पंजाबीत घ, झ, ढ, ध, भ लिहितात पण शब्दाच्या सुरुवातीला तसे म्हणत नाहीत. आपल्या कानाला क, च, ट, त, प असं काहीतरी येतं आणि सूर खाली दबतो. घर म्हणायचं तर 'कर', ढोल म्हणायचं तर 'टोल', पण दबक्या सुरात. भंगडा लिहितात, ऐकू येतो पंगडा. सूर चुकला की अर्थ गेला. कोडा म्हणजे चाबूक, सपाट सुरात. घोडा म्हणजे आपला घोडाच, दबक्या सुरात. आणि कोढा, चढ्या सुरात, म्हणजे कुष्ठरोगी. मी एकदा सुभेदारसाहेबांच्या घोड्याची चौकशी केली होती. काय विचारलं गेलं ते तुम्हीच ओळखा. संपूर्ण तंबू दोन दिवस हसत होता.

तर ज्याला आपण पाजी ऐकतो तो लिहिताना भाजी. भाई-जी, त्याचं भाजी, आणि बोलताना दबलेला 'पाजी'. आणि लग्नाच्या निमंत्रणाबरोबर मिठाई पाठवतात तिचंही नाव भाजी! तीही तशीच दबून 'पाजी' होते. काकू, तुम्ही माणसासाठी चादर बदललीत, आणि जर त्यांनी चिठ्ठीवर लिहून पाठवलं असतं तर मेथीची वाट बघत बसला असतात.

बाकी त्यांच्याकडे 'ताई' म्हणजे थोरली काकू. सुनेला कौतुकाने ताई म्हणू नका.

प्राकृतवाला

थोडं अवांतर. जवाई-जावई, मासी-मावशी, ननाण-नणंद हे तर दिसतंच. पण पंजाबी ऐकताना मराठी माणसाला घरचं वाटतं त्याचं एक कारण ण आणि ळ. पाणी तिकडेही पाणीच, पानी नाही. ळ बोलण्यात आहे, गुरुमुखीत ल खाली टिंब देऊन लिहितात, पण पुष्कळ लोक टिंब देत नाहीत, म्हणून वाचणाऱ्याला पत्ता लागत नाही. दुसरं म्हणजे हत्थ, सत्त, अट्ठ, दुद्ध, नक्क, कन्न. महाराष्ट्री प्राकृतात आपलंही हत्थ, सत्त असंच होतं. आपण जोडाक्षर सोडलं आणि स्वर लांबवला: हात, सात, आठ, दूध, नाक, कान. पंजाबीने ते जोडाक्षर धरून ठेवलं. गुरुमुखीत त्यासाठी बहुतेक वेळा अक्षराच्या डोक्यावर छोटी चंद्रकोर काढतात, तिला अद्दक म्हणतात.

वाईची_काकू

अगं बाई, बीजींचं वाचून मला भरूनच आलं. मीही मुलीच्या लग्नात अशीच सोज्वळ वागले असते! फौजीकाका, चादरीचं आमच्याकडे कोणाला सांगू नका, यजमानही हा धागा वाचतात.

वन्संना फोनवर सगळं वाचून दाखवलं. "भुआ मोठं प्रस्थ" इथे दोनदा वाचायला लावलं. बर्फ जरा वितळलाय. आता म्हणतायत, मग आपणही द्यायला पाहिजे उत्तर. सतलजताई, देता येतं का आपल्याला? आम्ही तर मुलाकडचे.

सतलजकाठची

तुमच्या घरी आले की तुम्ही यजमान, मग काय हरकत आहे. आणि तुमच्याकडे हत्यार तयार आहे की. रुखवतावर आपण विहिणीला चिमटे काढतोच, उखाणेही घेतो. तेच करा. मराठीतच करा, मग सुनेला हिंदीत समजवायला लावा. समजावताना तिची जी त्रेधा होईल तीच खरी मजा.

दोन-तीन गोष्टी सांभाळा. पगडीवर काही बोलू नका, गंमतीनेही नाही. इथल्या मुली आपल्यासारखीच फुगडी घालतात, हातांची कैची करून गरागरा फिरतात, तिला किकली म्हणतात. त्या गाण्यातसुद्धा "पग्ग मेरे वीर दी" म्हणजे माझ्या भावाची पगडी, ती मिरवायची. आणि लगेच पुढे "फिट्टे मूंह जवाई दा", जळो तोंड त्या जावयाचं! म्हणजे जावयाला पाच वर्षांची पोरगीही शिवी देते, पण पगडीला हात नाही. घरातलं आजारपण, पैशांची ओढ, कोणाचा मृत्यू, हे नको. वजन, खाणं, घोरणं, कंजूषपणा, नवऱ्यावर चालणारा अंमल, यावर हवं तेवढं. आणि नाव घेऊन. नाव घेतलं नाही तर फुकट.

ओळी दोनच ठेवा आणि शेवटचा तुकडा सगळ्यांनी मिळून परत म्हणा. गिद्ध्यात बोली अशीच चालते: एक जण घेराच्या मध्ये येऊन बोली टाकते, शेवटच्या तुकड्यावर सगळ्या टाळ्या धरतात आणि दोघी आत येऊन नाचतात. त्यांना ते लगेच कळेल. तुमची कुडमणी मालव्यातली (पंजाबातला सतलजच्या दक्षिणेचा भाग, मध्य प्रदेशातला नव्हे) आहे, बोलीला गप्प बसणार नाही, उलटून देईल. तयारीत राहा.

अजून एक, हे शिवीगाळीबाहेरचं. गोंधळानंतर कोणी अभंग म्हणणार असेल तर एखादा नामदेवांचा म्हणा, आणि आधी सांगा की भगत नामदेवांचा आहे. ग्रंथसाहेबात नामदेवांची ६१ पदं आहेत. मी नवी नवरी असताना बीजी शेजारणींना माझी ओळख काय करून द्यायच्या माहितीये? "भगत नामदेव जी दे देस दी कुडी." नामदेवांच्या देशातली मुलगी. मिरज, सांगली काही नाही. गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला नामदेव शेवटी राहिले असं इथे मानतात. एप्रिल २०१५मध्ये ८८वं मराठी साहित्य संमेलन तिथे झालं, सदानंद मोरे अध्यक्ष होते, तेव्हा मी बीजींना घेऊन गेले होते. मांडवात इतकं मराठी एकदम कानावर पडल्यावर मला काही सुचेना, आणि बीजी मात्र सगळ्यांना चहा मिळाला का ते बघत फिरत होत्या, जणू वऱ्हाड त्यांच्याच घरी आलंय.

आणि मिरजेची असून मला जे कधी कळलं नव्हतं ते इथे गुरुद्वाऱ्यात कळलं. पहाटे कीर्तन चालू होतं, मी अर्धी झोपेत. रागी गात होते, "बीठलु भैला काइ करउ". मी खाडकन जागी झाले. विठ्ठल, आणि काय करू! ठाकुराला आंघोळ घालायला घागर भरून आणली, तर पाण्यात आधीच लाखो जीव, पाण्यातही विठ्ठलच, मग काय करू, असं ते पद आहे. सुरुवातीलाच "आनीले कुंभ भराईले ऊदक". आणिले, भरविले. आसपास सगळे पंजाबी, आणि मला एकटीला ते समजवून घ्यावं लागलं नाही. बीजींनी वळून बघितलं आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

बरं. उखाणा झाला की इथे टाका. चाल मी सांगते.

घाटावरचा_नाना

अंगठीचं तुम्हाला कोणी सांगितलं?

वाईची_काकू

झाला! दोन दिवस पोळ्या लाटताना हेच चाललं होतं. कुडमणींचं नाव इथे देत नाही, गाळलेल्या जागी घालून वाचा.

"जगरावचं लोणी खाऊन ... विहीण झाली लठ्ठ,
पसरणीच्या घाटात धरा व्याह्यांचा हात घट्ट!"

'हात घट्ट, हात घट्ट' असं सगळ्यांनी म्हणायचं. सुनेला म्हणून दाखवलं. ती आधी गप्प, मग ओढणी तोंडात कोंबून आत पळाली. आतून फोनवर बोलण्याचा आवाज आला, म्हणजे बातमी फुटली.

आणि वन्संनी स्वतःहून एक पाठवलाय. मी काही सुचवलं नव्हतं, देवाशपथ:

"सात मोजल्या, आठवी मोजली, डोळे तुमचे तिखट,
वाईला या, पुरणपोळ्या मोजते मी फुकट!"

शिवाय आचाऱ्याला निरोप गेलाय की पंगतीला जिलबी हवीच, आणि विहीणबाईंच्या ताटात एकदम आठ वाढायच्या.

सतलजकाठची

वन्संना माझा नमस्कार सांगा. 'तिखट-फुकट'वर टाळी धरा, 'मोजते'वर नको, ताल अडकेल.